पोटातले पाणी : स्कॅन आधी की सुई?

पोट फुगले, पाय सुजले की घरात पहिला शब्द निघतो तो ‘लिव्हर गेले’. मग कोणी शहरातला मोठा स्कॅन सुचवतो, कोणी झाडपाल्याचे औषध. या धावपळीत साधी, महत्त्वाची तपासणी मात्र राहून जाते.

यकृताच्या न्यूक्लिअर स्कॅनमध्ये टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचे सूक्ष्म कण शिरेतून देतात. यकृत व प्लीहा हे कण उचलतात आणि चित्रात उजळ दिसतात. पाणी ते उचलत नाही. निरोगी माणसात यकृताची उजवी कड बरगड्यांना जवळजवळ टेकलेली असते. जलोदर झाला की यकृत आत ढकलले जाते आणि त्या दोहोंमध्ये रिकामा पट्टा दिसतो. हीच पाण्याची खूण. सोबत यकृत फिके, पण प्लीहा व हाडांतील मज्जा ठळक दिसली, तर सिरॉसिसची शंका बळावते.

पण पट्टा म्हणजे निदान नव्हे. यकृत आक्रसले तरी अशी फट पडू शकते. सोनोग्राफीत थोडेसे पाणीही दिसते. म्हणून केवळ पाणी शोधण्यासाठी आज या स्कॅनची गरज नाही. दुसऱ्या कारणाने तो झाला असेल आणि अहवालात या पट्ट्याचा उल्लेख असेल, तर त्याकडे दुर्लक्षही करू नये.

खरा प्रश्न पाणी कशाचे, हा आहे. सिरॉसिस, क्षय, कर्करोग की हृदयविकार, याचा उलगडा बहुधा सुईने काढलेल्या पाण्याच्या तपासणीतूनच सुरू होतो. रक्तातील आणि पाण्यातील अल्ब्युमिनचा फरक १.१ ग्रॅम किंवा जास्त असेल, तर यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतील दाब वाढलेला असतो. सिरॉसिसच्या रुग्णात पाण्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये २५० किंवा अधिक न्यूट्रोफिल पेशी आढळल्या, तर जंतुसंसर्ग समजून लगेच प्रतिजैविके सुरू करावी लागतात. तिथे उशीर जिवावर बेततो.

‘सुई टोचली की पाणी वाढतच जाते’ हा समज आता सोडला पाहिजे. पाणी पुन्हा भरते ते मूळ आजारामुळे, सुईमुळे नव्हे. या भीतीपायी क्षयाचा, म्हणजे औषधांनी बरा होऊ शकणारा रुग्णही ‘लिव्हर गेले’ म्हणून घरी झिजत राहतो.

तेव्हा पोट फुगल्यास आधी सोनोग्राफी करावी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पाणी तपासू द्यावे. ताप, पोटदुखी किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.