निदान झाले, पुढे काय?

मूल वर्षाचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, नाव घेऊन हाक मारली तरी वळून पाहत नाही. आणि घरातील वडीलधारी म्हणतात, ‘याचा बापही उशिराच बोलू लागला होता.’ या शब्दांत माया असते यात शंका नाही. परंतु त्या मायेपायी हातचे गेलेले महिने पुन्हा मिळत नाहीत. मेंदूची वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत जितक्या झपाट्याने होते तितकी पुढे कधीच होत नाही. त्या वयातील व्यायामोपचार आणि वाचा-उपचार जे साधतात, ते सातव्या वर्षी वर्गातील गुरुजींनी कितीही जीव ओतला तरी साधणे कठीण.

शासनाला हे ठाऊक नाही, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच पालघरहून झाला. पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुले तपासावीत, विकासात मागे पडलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडावे, अशी ही योजना. कागदावर तीत उणे काढण्यासारखे थोडेच आहे.

पण हा उपचार म्हणजे लस नव्हे, की एकदा टोचली आणि काम झाले. तो महिनोन् महिने, नेमाने चालवावा लागतो. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरील मजूर बाईने दर खेपेस रोज बुडवून, एस. टी.चे भाडे भरून, मूल कडेवर घेऊन जिल्ह्याचे ठिकाण गाठावे, ही अपेक्षा कोणत्या व्यवहारात बसते? दोन-तीन खेपांनंतर ती येईनाशी झाली आणि नोंदवहीत ‘पालकांचे सहकार्य नाही’ असा शेरा पडला, तर दोष कोणाचा?

उपचारतज्ज्ञानेच आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात बसावे. मुलाला न्हाऊ घालताना, भरवताना, खेळवताना काय करायचे ते आईला हाताला हात लावून दाखवावे. खरा उपचार शेवटी घरातच व्हायचा असतो. तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत आशा सेविकेच्या पाच गृहभेटी २०१८ पासून ठरलेल्याच आहेत. आईला दाखवलेले घरी नीट चालले आहे की नाही, हे तिला त्याच भेटींत पाहता येईल. मूल पंधरा महिन्यांपुढे गेले असेल, तर भेटी वाढवाव्या लागतील. अर्थात तिच्या डोक्यावर आधीच कामांचा ढीग आहे. तेव्हा या कामाचा मोबदला तिला वेगळा आणि वेळेवर मिळाला पाहिजे.