कोब्यावरचं शेवाळ आणि डाग

मैत्रिणींनो, पावसाळा सरला की अंगणाकडे बघून जीव कसनुसा होतो, नाही का? तुळशीवृंदावनाभोवती हिरवंगार शेवाळ, स्कूटर ठेवतो तिथे तेलाचा काळा डाग, कुंड्यांच्या लोखंडी तिवईखाली गंजाचे तांबूस ठसे. दिवाळी तोंडावर आलेली, रांगोळी काढायची तरी कुठे? अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, ‘अ‍ॅसिड ओता, लख्ख होईल!’

तेवढं मात्र करू नका. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो. अ‍ॅसिड पडल्यावर जो फेस येतो तो मळाचा नव्हे, कोब्याचाच. वरचा गुळगुळीत थर विरघळून कोबा खरबरीत होतो आणि मग धूळ अन् शेवाळ त्याला अधिकच घट्ट धरतं. म्हणून आधी डाग कशाचा ते ओळखावं, मग उपाय करावा.

शेवाळ : हे आधी काढा, कारण प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. पहाटे तुळशीला पाणी घालायला गेलेल्या सासूबाईंचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर महिनोन् महिने अंथरूण धरावं लागतं. कोरड्या दिवशी खराट्याने जमेल तेवढं शेवाळ खरवडून घ्या. प्लॅस्टिकच्या बादलीत ५ लिटर पाणी घेऊन त्यात साधारण ७५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर काठीने ढवळा. गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी शेवाळावर टाका. गाळ टाकलात तर पांढरे पट्टे उमटतील. पंधरा-वीस मिनिटांनी घासून भरपूर पाण्याने धुवा. हे पाणी तुळशीच्या किंवा कुंड्यांच्या मातीत जाऊ देऊ नका. हातात रबरी मोजे हवेत आणि साडी जुनी हवी, कारण शिंतोडा उडाला की रंग गेलाच म्हणून समजा.

तेलाचा डाग : ताज्या तेलावर पाणी ओतू नका, तेल पसरतं. लाकडाचा भुसा किंवा चाळलेली राख जाड पसरून रात्रभर राहू द्या. तेल शोषलं जाईल. सकाळी झाडून घ्या. मग धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) थोड्या गरम पाण्यात कालवून त्याचा लेप द्या आणि तासाभराने ब्रशने घासा. कोब्याला बारीक छिद्रं असतात, तेल आत मुरतं; त्यामुळे जुना डाग एका धुण्यात जात नाही. दोन-तीनदा करावं लागेल.

गंज : ब्लीचिंगने गंज जात नाही. लिंबाची फोड चोळा किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी लावा. पण लिंबूही आंबटच, म्हणजे सौम्य अ‍ॅसिडच. पाच-दहा मिनिटांत धुऊन टाका. आणि तिवईच्या पायांना रबरी टोप्या बसवा.

हळद : वाळवणाच्या वेळी सांडलेल्या हळदीला साबण लावलात की ती लाल होते. घाबरू नका. नीट धुऊन ती जागा उन्हात उघडी ठेवा. चार-आठ दिवसांच्या उन्हात हळद आपोआप फिकी पडते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. एकाने गेलं नाही म्हणून त्यावरच दुसरं ओतू नका. लिंबूसुद्धा नको, तो उपाय जागा स्वच्छ धुऊन दुसऱ्या दिवशी करा. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, श्वास घेववत नाही. बोळात किंवा बंद न्हाणीघरात तर जिवावर बेतू शकतं. तसं झालंच तर सगळं तिथंच टाकून मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांना गाठा. डोळ्यांत शिंतोडा उडाला तर आधी वीस मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा, मग दवाखाना.

कामाला बाई असतील तर बाटली आणि डबा त्यांच्या हाती देऊन मोकळ्या होऊ नका. काय कशात मिसळायचं नाही, ते नीट समजावून सांगा, मोजेही द्या. त्यांचा श्वास काही वेगळा नाही.

एवढं करूनही त्याच जागी पुन्हा शेवाळ धरलं, तर दोष घासण्यात नाही. पाणी कुठून येतंय ते शोधा. नळाची गळती, तुंबलेली पन्हळ, कोब्यातला खळगा, नाहीतर ऊन अडवणारी फांदी, यांपैकी काहीतरी सापडेलच. जागा कोरडी राहिली आणि तिथे ऊन पोचलं, की शेवाळ सहसा धरत नाही.

दिवाळीआधी एखादा उन्हाचा रविवार बघून मुलांनाही हाताशी घ्या. किल्ल्याची जागा आधी घासा म्हटलंत, तर खराटा घेऊन तीच पुढे धावतील. ब्लीचिंगच्या बादलीपासून मात्र त्यांना लांब ठेवा.