नावे बदलली, बफरमधला माणूस तोच



काशीला जाऊन आलेल्या मराठी माणसाकडे घरचे आधी गंगाजल मागतात. आम्ही युनियनच्या कामासाठी महानगरीने वाराणसीला जाऊन आलो. गंगाजल आणले. पण त्याबरोबर मनात एक चीडही घेऊन आलो. ती आज या पानावर आपल्यापुढे मांडत आहोत.

वाराणसी जगाला घाटांचे गाव म्हणून ठाऊक आहे. रेल्वे कामगाराला ते इंजिनांचे गाव म्हणूनही ठाऊक आहे. १९५६ साली येथे डिझेल इंजिनांच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि १९६४ च्या जानेवारीत पहिले इंजिन बाहेर पडले. २०१७ पासून येथे विजेवरची इंजिने बनू लागली. आज तेथून निघणाऱ्या इंजिनात सहा हजार अश्वशक्तीहून अधिक ताकद असते. हे सारे आपल्याच बांधवांच्या हातांनी घडले आहे. त्याचा आम्हाला अभिमान आहे.

पण बंधूंनो, एवढ्या ताकदीचे इंजिन गाडीला जोडतो कोण, आणि कसा?

त्याच पट्ट्यातल्या एका स्टेशनात रात्री आम्ही हे काम उभे राहून पाहिले. स्टेशनाचे नाव लिहीत नाही, कारण आमच्या लेखापायी कोणाची नोकरी जायला नको. गाडी जुन्या आयसीएफ डब्यांची होती. इंजिन सावकाश येऊन टेकले. पॉइंट्समन कमरेतून वाकला आणि बफरखालून आत शिरला. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला डबा, मध्ये हा माणूस. त्याने जड कडी उचलून हुकात घातली आणि दांडा धरून स्क्रू आवळला. मग हवेचे पाइप जोडले. एकात पाच आणि दुसऱ्यात सहा किलोचा दाब. कॉक उघडून तो बाहेर आला तेव्हा सदरा घामाने भिजलेला आणि हात ग्रीसने माखलेले होते.

आम्ही विचारले, "भाई, एकटेच?"

तो म्हणाला, "जोडीदाराची जागा रिकामी आहे, साहेब. भरली नाही अजून."

आम्ही म्हटले, "साहेब म्हणू नका, आम्हीही तुमच्यातलेच." तो हसला. एवढेच म्हणाला, "मग तुम्हाला काय सांगायचे?"

खरेच, आपल्याला काय सांगायचे! ९ नोव्हेंबर २०२४ रोजी बिहारमध्ये बरौनी स्टेशनात आपला एक बांधव इंजिन आणि डबा यांच्यामध्ये सापडून चिरडला गेला. ते छायाचित्र देशभर फिरले. चार दिवस हळहळ झाली. मग चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागली, की इशारा कोणी दिला, कोणाला दिला आणि चूक कोणाची? पॉइंट्समनची की ड्रायव्हरची? म्हणजे एक कामगार मेला आणि दुसरा आरोपी झाला. माणसाला त्या फटीत पाठवण्याची वेळच का येते, हा प्रश्न मात्र मागे पडला.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. या कामासाठी माणसाने दोन वाहनांच्या मध्ये शिरावे लागू नये, यासाठीचा शोध आजचा नाही. दीडशे वर्षांचा आहे.

अमेरिकेत पूर्वी कडी आणि खिळ्याने वाघिणी जोडत. ब्रेक्समन मध्ये उभा राहून खिळा टाकी आणि बोटे, हात, कधी जीव गमावून बसे. बोटे तुटलेला माणूस हा कामातला मुरलेला माणूस, असे तिथे समजले जाई! १८७३ साली इलाय जॅनी या कापडदुकानात नोकरी करणाऱ्या माणसाने एक कपलर काढला. आपण दोन्ही हातांची बोटे वाकवून एकमेकांत अडकवतो, तशी त्याची रचना होती. दोन वाघिणी टेकल्या की आपोआप जुळत. त्याआधी १८६९ साली जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेचा ब्रेक काढला होता. पुढे त्याने त्यात अशी सुधारणा केली की पाइप तुटला तरी ब्रेक आपोआप लागावा.

मग अपघात थांबले का? नाही. शोध लागून वीस वर्षे गेली तरी कंपन्या खर्चाचा हिशोब करत बसल्या. कपलरला पैसे लागत, माणूस फुकट बदलून मिळे. आयोवा राज्यातला लोरेन्झो कॉफिन नावाचा शेतकरी एका ब्रेक्समनची बोटे जाताना पाहून पेटून उठला. तो वर्षानुवर्षे गावोगाव बोलत राहिला, लिहीत राहिला. शेवटी २ मार्च १८९३ रोजी कायदा झाला. आपोआप जुळणारा कपलर आणि हवेचा ब्रेक सक्तीचा झाला आणि कंपन्यांना मुदत घालून दिली गेली. त्यानंतर कपलिंग करताना मरणाऱ्यांची संख्या घसरली.

जपाननेही हे केले. कित्येक वर्षे तयारी करून जुलै १९२५ मध्ये अवघ्या काही दिवसांत देशभरच्या गाड्यांचे जुने हूक काढून आपोआप जुळणारे कपलर बसवले.

यातून धडा एकच. शोध एकटा कोणाचा जीव वाचवत नाही. शोध, कायदा आणि तारीख ही तिन्ही एकत्र आली तरच माणूस वाचतो.

काही जण म्हणतील, आपल्याकडे सुधारणा झालीच आहे. खरे आहे, आम्ही ते नाकारत नाही. मालगाडीच्या वाघिणींना मधला कपलर कित्येक दशकांपूर्वी आला. या बाबतीत आपण युरोपच्या पुढे आहोत, कारण तिथे मालगाड्या अजून स्क्रूनेच जोडतात. २०१८ पासून आपल्याकडे प्रवासी गाड्यांचे नवे डबेही एलएचबी पद्धतीचे बनतात आणि त्यांना मधला कपलर असतो. पण जुने डबे अजून धावतात आणि त्यांच्यासाठी माणूस अजून बफरमध्ये शिरतो. एलएचबी डब्यालाही इंजिन जोडताना कपलर जुळतो, पण हवेचे पाइप हातानेच जोडावे लागतात. डब्याच्या दिव्यांसाठी आणि एसीसाठी इंजिनातून वीज घेऊ लागल्यापासून ७५० व्होल्टच्या जाड केबलीही आल्या. म्हणजे माणूस आत शिरतोच. मेट्रोच्या गाड्यांना मात्र हवा आणि वीज दोन्ही आपोआप जुळणारे कपलर असतात. मेट्रोला जे जमते ते इंजिनाला का जमू नये?

पैशाचे कारण सांगाल तर आमच्याकडे उत्तर आहे. आपले मराठी शास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ साली रेल्वे सुरक्षेचा अहवाल दिला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी कामावर मरण पावले आणि ८७०० जखमी झाले, असे त्यात आहे. त्याच समितीने आयसीएफ डबे सोडून एलएचबीकडे वळा असे सांगितले. २०१७ साली सुरक्षेसाठी एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष काढला गेला. आणि २०२२ साली महालेखापरीक्षकांच्या अहवालातून काय बाहेर आले? या कोषातून पाय चेपायची यंत्रे आणि क्रॉकरी खरेदी झाली! साहेबांच्या पायांना आराम मिळावा म्हणून पैसा आहे. बफरखाली वाकणाऱ्या पाठीसाठी नाही.

आता सर्वत्र 'कवच'चा गजर आहे. ते यंत्र चांगलेच आहे. ड्रायव्हरने लाल सिग्नल ओलांडू नये आणि गाडी गाडीवर आदळू नये, यासाठी ते आहे. पण बफरच्या फटीत उभ्या माणसाला ते ओळखत नाही. त्याचे कवच कोण बनवणार?

डाक खात्याच्या आणि आर.एम.एस.च्या बंधूंना वाटेल, हा रेल्वेचा प्रश्न आहे. तसे नाही, बंधूंनो. गाडी थांबते तेवढ्या मिनिटांत टपालाच्या गोण्या उतरवायच्या, पाठीवर घेऊन पुलाच्या पायऱ्या चढायच्या, हे तुम्ही करत आला आहात. चाक माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे, तरी गोणी पाठीवरच! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली सांगितले की पुरुष कामगाराने एकट्याने वाहायचे ओझे ५५ किलोपर्यंत खाली आणा. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो ओझे वाहणाऱ्यांनी एकजूट केली म्हणून झाला. चाकांची गाडी, उतार आणि लिफ्ट यांना काही मोठे विज्ञान लागत नाही. मागणारा आवाज लागतो.

वाराणसीहून परतताना आम्ही सहज मोजले. मुगलसरायचे नाव २०१८ साली बदलले. डिझेल कारखान्याचे २०२० साली बदलले. मंडुवाडीह स्टेशनाचे २०२१ साली बनारस झाले. ड्रायव्हर लोको पायलट झाला, गार्ड ट्रेन मॅनेजर झाला. पाट्या रंगवायला पैसा आणि वेळ दोन्ही मिळाले. पण बफरमध्ये वाकणाऱ्या माणसाचे काम आजोबांच्या काळात होते तसेच राहिले.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१) इंजिन आणि डबा जोडताना हवा व वीज आपोआप जुळेल असा कपलर बसवण्याची अंतिम तारीख जाहीर करा आणि तिला कायद्याचे बळ द्या.

२) तोवर कपलिंगला एकट्या माणसाला पाठवू नका. दोन पॉइंट्समन, पुरेसा उजेड आणि वॉकीटॉकी द्या. आतला माणूस बाहेर येऊन डोळ्यांसमोर उभा राहिल्याशिवाय इंजिन हलता कामा नये.

३) रिकाम्या जागा भरा. गाडी उशिरा सुटली म्हणून त्या माणसाला जाब विचारू नका.

४) कामावरच्या प्रत्येक मृत्यूच्या चौकशीत युनियनचा प्रतिनिधी घ्या. चूक कोणाची एवढेच नव्हे, तर तिथे कोणते साधन नव्हते, हेही नोंदवा.

५) टपाल आणि पार्सलच्या ओझ्याला मर्यादा घाला, आणि चाकाच्या गाड्या व उतार द्या.

बंधूंनो, आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे. यंत्रांची गणिते आम्हाला येत नाहीत. पण एक हिशोब आम्हाला चांगला येतो. आपला माणूस ड्यूटीवर गेला, तो ड्यूटी संपवून घरी आला पाहिजे. या मागण्यांचे निवेदन प्रत्येक शाखेच्या सभेत वाचा, सह्या घ्या आणि पुढच्या बैठकीच्या आत आमच्याकडे पाठवा. ज्या शाखेत पॉइंट्समन आहेत तिथे पहिली सही त्यांची घ्या.