पाटावरून उठतांना

गतवर्षीं पितृपक्षांत भोजनोत्तर पाटावरून उठतांना आम्हांस नातवाचा हात धरावा लागला. तो हंसला नाहीं, हेंच मनास अधिक लागलें. दुसरे दिवसापासून आम्हीं पहांटे अर्धा तास फिरणें आरंभिलें व भात निम्मा केला. पहिल्या महिन्यांत वजन दोन किलो उतरलें. पुढें मात्र कांटा हलेना. 'या वयांत हें कशास?' असें मन म्हणूं लागलें.

वाचकहो, देह हलका झाला कीं त्यास अन्नही कमी पुरतें. म्हणून पुढची घट मंदावते. तो शरीराचा धर्म आहे, आपला पराभव नव्हे. व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा, असें सुश्रुतसंहिता सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०२० सालीं आठवड्यास किमान १५० मिनिटें मध्यम श्रम सुचविले. दोहोंचें सार एकच : थोडें, पण नित्य.

तेव्हां वजन महिन्यांतून एकदांच पाहावयाचें ठरविलें, आणि फिरून आल्यावर रोज दिनदर्शिकेवर कुंकवाचें बोट टेकूं लागलों. ती ओळ तुटूं नये, एवढाच संकल्प.

यंदा पाडव्यास पंगत उठली. नातवानें संवयीनें हात पुढें केला; आम्हांस तो धरावा लागला नाहीं. कांट्यावर अंक अद्यापि तोच आहे.