साठ गोळ्यांचा हट्ट

जबलपूरला पोस्टिंग आली की माणूस आपोआप लोखंडाच्या गप्पा मारायला लागतो. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना, सेंट्रल ऑर्डनन्स डेपो, ५०६ आर्मी बेस वर्कशॉप, शिवाय ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची रेजिमेंटल सेंटर्स. सगळं एकाच गावात. त्यामुळे मेसमध्ये जेवणानंतरचे वाद क्रिकेटवर कमी आणि हत्यारांवर जास्त. सध्या तरुण कॅप्टन मंडळींचा लाडका मुद्दा असा: "सर, बाहेर साठ आणि शंभर राउंडची मॅगझिन मिळतात. आपण अजून तिसावरच का?"

पुढ्यात मोबाइलवर कुठल्या तरी प्रदर्शनातल्या स्टॉलचा फोटो असतो. चकचकीत काळा डबा, खाली मोठा आकडा.

मला हा आकड्याचा हट्ट मान्य नाही. जवानाला जास्त गोळ्या मावणारं मॅगझिन नको आहे. त्याला दर वेळी गोळी देणारं मॅगझिन हवं आहे, आणि जे देत नाही ते टाकून द्यायची मुभा हवी आहे. पहिली गोष्ट कारखान्याच्या हातात आहे, दुसरी आपल्या. दुसरीबद्दल कुणी बोलत नाही.

मॅगझिन म्हणजे एक डबी, एक स्प्रिंग, गोळ्यांना वर ढकलणारा फॉलोअर, आणि वरचे दोन वळवलेले काठ, ज्यांना आपण लिप्स म्हणतो. मिनिटाला ६०० च्या वेगाने झाडणाऱ्या रायफलमध्ये एका गोळीचं पूर्ण चक्र सेकंदाच्या दहाव्या भागात संपतं. बोल्ट मागे जाऊन पुढे यायच्या आत सगळी रांग वर सरकून पुढची गोळी जागेवर हवी. ५.५६ ची एक गोळी साधारण १२ ग्रॅमची. तीस म्हणजे ३६० ग्रॅम, साठ म्हणजे ७२०. तेवढं वजन तेवढ्याच वेळात उचलायला स्प्रिंग दांडगी हवी. पण फार दांडगी झाली तर वरची गोळी लिप्सना इतकी दाबून बसते की बोल्टला ती ओढून न्यायला जड जातं. त्यात साठवाल्या डब्यात गोळ्या चार रांगांत भरलेल्या असतात आणि वर येताना त्यांना दोन रांगांत यावं लागतं. कणगीचं तोंड अरुंद असलं की धान्य कसं कमान धरून अडकतं, ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. वर राजस्थानची धूळ घाला, म्हणजे झालं.

(जाता जाता: "मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग मरते" हा बराकीतला समज आहे. चांगल्या पोलादाची स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही, पुन्हा पुन्हा दाबल्या-सोडल्याने थकते. अर्थात नेमापेक्षा जास्त गोळ्या कोंबल्या तर ती बिघडणारच.)

हे कोडं नवं नाही. थॉम्पसन सबमशीनगनची पन्नास आणि शंभर गोळ्यांची ड्रम सिनेमात फार शोभली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने ती बाजूला सारून वीस आणि तीसची साधी डबी घेतली. रशियनांच्या पीपीएसएचला ७१ गोळ्यांचं ड्रम होतं. युद्ध संपण्याआधीच ३५ ची वाकडी डबी आली. आपल्या फौजेने दशकानुदशकं वापरलेली ब्रेन गन घ्या. मॅगझिन तीसचं, पण भरायच्या अठ्ठावीस. दोन गोळ्या सोडून दिल्या, कारण त्या दोन गोळ्यांपायी उरलेल्या अडू नयेत. त्या काळच्या उस्तादांना आकड्याचा मोह नव्हता.

आता कारगिल. १९९९ च्या त्या उन्हाळ्यात मी खडकवासल्याला कॅडेट होतो. पॉइंट ५१४० वर गेलेली १३ जॅक रायफल्स आणि टायगर हिलवर चढलेली १८ ग्रेनेडियर्स, दोघींची रेजिमेंटल घरं इथे जबलपूरलाच. त्या युद्धात इन्सास रायफल पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लढाईत उतरली. तिचं डिझाइन पुण्याचं, पाषाणच्या एआरडीईचं. मॅगझिन वीस गोळ्यांचं, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकचं. किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसतं, ही कल्पना उत्तमच होती. पण त्या थंडीत प्लास्टिक तडकल्याच्या तक्रारी आल्या. तडकलेल्या डबीत वीस मावतात की साठ, या प्रश्नाला काय अर्थ राहतो? आणि दोष प्लास्टिकच्या जातीचा म्हणावा तर तसंही नाही; अमेरिकन मरीन कोअरने २०१६ च्या अखेरीस पॉलिमरच्याच मॅगझिनला मान्यता दिली. कुठलं पॉलिमर, कुठल्या तापमानाला, किती वेळा आपटून पाहिलं, हे विचारायचं असतं. स्टॉलवर कुणी विचारत नाही.

तरुणांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. घातात सापडलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात जो जास्त झाडेल तो तगेल. खरं आहे. पण ते काम पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनगनचं. त्यासाठीच मार्च २०२० मध्ये १६,४७९ नेगेव्ह एलएमजींचा करार झाला. रायफलला मशीनगन बनवायला गेलं की पडून फायर करताना लांब डबी जमिनीला टेकते आणि जवानाचं डोकं आडोशाच्या वर येतं. ते डोकं कुणाचं तरी असतं.

आता दुसरी गोष्ट, आपली. काही वर्षांपूर्वी एका रेंजवर एका पोराची रायफल तीनदा अडली. मी मॅगझिन काढून पाहिलं. एक लिप उघडलेला, कुशीत पोचा. आर्मररने पक्कड घेतली, लिप दाबला आणि मॅगझिन त्याच पोराच्या हातात परत दिलं. मी म्हटलं, हे फेकत का नाही? उत्तर आलं, "साब, बुक में है."

झालं. मॅगझिन चार्जवर आहे, मोजून घेतलं आहे, मोजून परत द्यायचं आहे. हरवलं तर चौकशी. अडलं तर काहीच नाही! म्हणजे जवानाने मॅगझिन निकामी निघण्यापेक्षा गहाळ होण्याला जास्त घाबरावं, अशी व्यवस्था आपणच केली आहे. गोळ्यांचा प्रत्येक लॉट, वरणगावचा असो की आणखी कुठला, झाडून तपासल्याशिवाय कारखान्याबाहेर पडत नाही. पण त्या गोळ्या ज्या डबीतून रायफलमध्ये जातात, ती युनिटमध्ये आली की तिला फक्त गिनतीत विचारतात.

कोरव्याला एके-२०३ तयार होते आहे, करार सहा लाखांहून अधिक रायफलींचा. तिचं मॅगझिन तीसचं, आणि तीस पुरेत. भांडायचं असेल तर यासाठी भांडा: प्रत्येक रायफलमागे जादा मॅगझिन किती, आणि ती चिंदी-तेलासारखी खर्ची टाकता येतील का. प्रत्येक मॅगझिनवर नंबर, अडलं की नंबरापुढे खूण, तिसऱ्या खुणेला चक्काचूर, आणि त्याच दिवशी नवीन. यात परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. एक रजिस्टर आणि पांढऱ्या रंगाचा डबा लागतो.

रंग मी सदर बाजारातून आणवला आणि नंबर टाकून झाले. गेल्या रेंजला ११ आणि २७ तिसऱ्यांदा अडली. चक्काचूर करायचा अधिकार मला नाही, म्हणून दोन्ही कंडम बोर्डाकडे पाठवली आहेत आणि तोवर कोतमध्ये वेगळ्या पेटीत कुलपात आहेत, म्हणजे कुणी पक्कड घेऊन मदतीला येणार नाही. बोर्डाची तारीख अजून आलेली नाही.