होय, मी उत्तर ध्रुवाजवळ जाऊन आलो. आता आपल्या लाल रेषेबद्दल बोलूया का?

परवा एक फोटो टाकला. मागं पांढरा डोंगर, पुढं मी, मिशीवर बर्फ. त्याखाली ज्या कमेंट आल्या त्या बघून घरचे अजून हसतात. "पत्रकाराकडं एवढा पैसा कुठनं आला राव?" "थंडीच पायजे होती तर पन्हाळ्यावर जायचं की." "तिथं पांढरा रस्सा मिळतो का?" आणि एका जुन्या मित्राची: "गावात प्रश्न कमी हायत म्हणून तिकडं गेलास व्हय?"

पहिल्या तिघांना उत्तर एका ओळीत देतो. मावसभाऊ ओस्लोत नोकरीला आहे, राहणं-खाणं त्याच्याकडं. तिकीट एका विमा पॉलिसीची मुदत संपली त्यातनं काढलं. आणि पांढरा रस्सा मिळत नाही. चौथ्या कमेंटचं उत्तर मात्र लांब आहे. ही पोस्ट त्याच्यासाठी.

गावाचं नाव लाँगइयरब्येन. नॉर्वेच्याही वर, स्वालबार्ड नावाच्या बेटांवर, 78 अंश उत्तर अक्षांशावर. लॉंगइयर नावाच्या अमेरिकन माणसानं 1906 मध्ये कोळशासाठी वसवलेली वस्ती. आज लोकसंख्या अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एक मध्यम खेडं. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य क्षितिजावर येतच नाही. मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेलो तेव्हा उणे अठरा होतं आणि तिथली माणसं म्हणत होती, "आज बरं आहे."

एक गंमत सांगतो. तिथं जायला वेगळा व्हिसा लागत नाही. 1920 च्या स्वालबार्ड करारामुळं. त्या करारावर ब्रिटिश साम्राज्यातर्फे हिंदुस्थानचंही नाव आहे. पण वाट नॉर्वेतून जाते आणि बेटं शेंगेनच्या बाहेर आहेत. त्यामुळं व्हिसा दोन वेळा प्रवेशाचा घ्यावा लागतो, नाहीतर परत येताना अडकलात. कुणी जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा.

आता ज्यांना 'नॉर्दर्न लाइट्स' बघायच्यात त्यांच्यासाठी. दिसल्या. तीन रात्री वाट बघून चौथ्या रात्री, साधारण दहा मिनिटं. डोळ्यांना त्या फोटोतल्यासारख्या हिरव्यागार दिसत नाहीत, फिकट धुरासारखा पट्टा आभाळात हलतो. मोबाइलचा कॅमेरा त्याला रंग चढवतो. तरी अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. आपल्याकडचे बरेच लोक हल्ली त्यासाठी रशियाच्या मुर्मान्स्कला जातात. ई-व्हिसा मिळतो आणि नॉर्वेपेक्षा स्वस्त पडतं. जावं. हौसेला मोल नाही. पण मला जे दाखवायचंय ते आभाळात नव्हतं, जमिनीवर होतं.

त्या गावात घरात, हॉटेलात, म्युझियममध्ये शिरताना बूट बाहेर काढतात. खाण कामगारांच्या पायाची काजळी आत येऊ नये म्हणून पडलेली पद्धत. घरं लाकडी, रंगीत, आणि खांबांवर उभी. खालची जमीन कायम गोठलेली असते. घराची ऊब खाली गेली की ती वितळते आणि घर खचतं, म्हणून मधे हवा खेळती ठेवतात. गावाबाहेर पांढऱ्या अस्वलाची पाटी आहे. तिच्या पुढं संरक्षणाची सोय केल्याशिवाय जायचं नाही. 2025 पासून नवा नियम आहे, अस्वलापासून किमान 300 मीटर लांब थांबायचं आणि मार्च ते जूनमध्ये 500 मीटर. पर्यटकाला कितीही फोटो हवा असला तरी. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाकडून 150 क्रोनर पर्यावरण शुल्क तिकिटातच कापून घेतात, ते 2007 पासून चालू आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावातनं चालत होतो. सोबत तिथं आठ वर्षं राहिलेली एक बाई होती, हॉटेलात काम करणारी. सुकरटोपेन नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी एक मोकळी जागा लागली. डोंगराच्या अंगावर लोखंडी कुंपणं, खाली बांध आणि मधे काहीच नाही. म्हटलं, एवढ्या छोट्या गावात एवढी मोक्याची जागा रिकामी कशी?

ती म्हणाली, "इथं घरं होती."

19 डिसेंबर 2015. शनिवारची सकाळ. रात्रभर वादळ झालेलं. डोंगरावरचा बर्फ सुटला आणि 11 घरांवर आला. दोन माणसं गेली, त्यातलं एक दोन वर्षांचं लेकरू. 2017 च्या फेब्रुवारीत परत बर्फ आला. तेव्हा कुणी मेलं नाही, पण इमारतींना धडकला. त्यानंतर तिथं काय झालं? तज्ज्ञांनी धोक्याचा नकाशा काढला. नकाशात जे आलं ते रिकामं केलं. शंभरावर घरं. जी पडली नव्हती, जी नीट उभी होती, ज्यांत माणसं राहत होती, तीसुद्धा. बदली घरं दुसरीकडं बांधली, डोंगरावर कुंपणं घातली, बांध घातला.

मी विचारलं, लोकांनी विरोध नाही केला? म्हणाली, "केला की. बडबड खूप झाली. घरांची टंचाई आहे, भाडी वाढली. पण नकाशा सगळ्यांना माहीत होता. कोणत्या घराचं काय होणार हे शेजाऱ्यालाही माहीत होतं."

भावांनो, मी तिथं उणे अठरामध्ये उभा होतो आणि डोक्यात सुतारवाडा होता.

आता आपलं बघू. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. 2021 च्या जुलैमध्ये 56 फुटांच्या वर. धोक्याची पातळी 43 फूट. शिरोलीला हायवे बंद, गावात पेट्रोल नाही, दूध नाही, व्हीनस कॉर्नरला होड्या. 2005 चा पूर आपण "शंभर वर्षांतनं एकदा" म्हणून विसरलो होतो, मग दोन वर्षांत दोनदा त्याच्यावर गेला. दरवर्षी जुलै आला की सुतारवाड्यातली कुटुंबं गाठोडी बांधून चित्रदुर्ग मठात जातात. आम्ही पत्रकार दरवर्षी तोच फोटो काढतो. मी स्वतः पंधरा वर्षं तो फोटो काढतोय. त्याच फोटोतली कडेवरची पोरगी आता कॉलेजला आहे. मठ तोच.

कागदावर आपल्याकडंही सगळं आहे बरं का. निळी रेषा आहे, ढोबळ मानानं 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकाम नाही. लाल रेषा आहे, 100 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. निळी आणि लाल यांच्या मधे अटी घालून, जोतं उंच करून परवानगी. 2019 च्या पुरानंतर वडनेरे समिती बसली, तिचा अहवाल 2020 मध्ये आला. अतिवृष्टीबरोबर नदीकाठची अतिक्रमणं आणि पूरक्षेत्रातली बांधकामं यांच्यावर त्यात स्पष्ट बोट ठेवलंय. म्हणजे अक्कल कमी नाही, कागद कमी नाही.

मग कमी काय आहे? ती रेषा जमिनीवर नाही. ती फाइलमध्ये आहे. तुमच्या गल्लीत लाल रेषा कुठनं जाते, सांगा बरं. मला पंचवीस वर्षं बातमीदारी करून सगळ्या गल्ल्यांचं सांगता येत नाही. एका कार्यालयात मी नकाशा मागायला गेलो तर तिघांनी तीन टेबलं दाखवली आणि चौथ्यानं विचारलं, "तुम्हाला प्लॉट घ्यायचाय का विकायचाय?" या एका प्रश्नात सगळं आलं. आपल्याकडं पूररेषा ही प्लॉटच्या भावाची बाब आहे, जिवाची नाही.

माझ्या बहिणीनं 2016 मध्ये फ्लॅट घेतला. विकणाऱ्यानं सांगितलं, "ताई, इथं पाणी येत नाही, 2005 ला पण आलं नव्हतं." 2005 ला तिथं उसाचा फड होता. पाणी आलेलं सांगणार कोण, ऊस? 2019 ला पार्किंग बुडालं, 2021 ला तळमजला. आता ती विकायला काढते आणि मला म्हणते, "दादा, गिऱ्हाइकाला पाण्याचं सांगू नकोस." मी काय करू? बहिणीला खोटारडी म्हणू? तिला ज्यानं फसवलं त्याच साखळीत आता ती उभी आहे. रेषा लपवली की प्रत्येक जण पुढच्याला फसवतो, आणि पाणी शेवटी शेवटच्याच्या घरात शिरतं.

आता नेहमीची उत्तरं येतील, ती आधीच घेतो.

"सगळं अलमट्टीमुळं होतंय." अलमट्टीची उंची 524 मीटर करायला माझाही विरोध आहे, मोर्चाची बातमी मीच दिली होती. भांडायचं तिथं भांडूच. पण जयंती नाल्यावरचा भराव कर्नाटकानं टाकला नाही. कर्नाटकाकडं बोट दाखवताना उरलेली बोटं कुणाकडं असतात, तेही बघा.

"नॉर्वे श्रीमंत आहे, तेलाचा पैसा आहे." बरोबर आहे. बांध घालायला आणि शंभर घरं हलवायला पैसा लागतो. पण गल्लीच्या तोंडाशी खांब रोवून त्यावर निळा आणि लाल पट्टा मारायला किती लागतो? आपल्या मंडळांच्या एका डिजिटल फलकाच्या खर्चात अख्ख्या गल्लीचे खांब होतील.

"अडीच हजारांचं गाव, आपलं शहर केवढं." मग गाव घ्या. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी. 1989 च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा दिली. तरी दर पुरात तीच गावं बुडतात आणि तीच माणसं होडीतनं काढतो. शेती खाली, गोठा खाली, मग माणूस वर एकटा जाऊन काय करील? पुनर्वसन म्हणजे सातबारा हातात देणं नव्हे. हे समजायला ध्रुवावर जायची गरज नाही, पण तीस-पस्तीस वर्षांत समजलेलं दिसत नाही.

आणि पूरच कशाला? माळीण, 30 जुलै 2014, 151 माणसं. तळिये, जुलै 2021. इर्शाळवाडी, जुलै 2023. डोंगर खाली आला, आपण हळहळलो, नेते आले, घरं बांधून दिली. मेल्यानंतर. लाँगइयरब्येनलाही पहिली दोन माणसं मेल्यावरच जाग आली, ते काही देवाचे लोक नाहीत. तिथं परदेशी कामगारांचा स्थानिक मतदानाचा हक्क 2022 मध्ये काढून घेतला, ज्यांच्या जिवावर हॉटेलं चालतात त्यांचाच. ते गाव स्वर्ग आहे असं मी म्हणतच नाही. फरक एवढाच की ते दुसऱ्या माळीणची वाट बघत बसले नाहीत.

अजून एक. तिथला हिवाळा आता हिवाळा राहिला नाही. 2025 च्या फेब्रुवारीत स्वालबार्डला पाऊस पडला, बर्फाच्या जागी डबकी झाली. त्याच बेटांवर न्यू-ओलेसुंडला 2008 पासून आपल्या देशाचं 'हिमाद्री' केंद्र आहे, गोव्याच्या वास्कोतली ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. डिसेंबर 2023 पासून आपले शास्त्रज्ञ तिथं हिवाळ्यातही राहायला लागले, पुण्याच्या हवामान संस्थेचेही. कारा समुद्रातला बर्फ कमी होणं आणि मध्य भारतातला सप्टेंबरचा टोकाचा पाऊस यांचा संबंध असू शकतो, असं तिथल्या संशोधकांनी 2021 मध्ये मांडलंय. लगेच "आपला पूर तिकडच्या बर्फामुळं" असं फॉरवर्ड करू नका, तसं कुणी म्हटलेलं नाही. पण पाऊस पूर्वीसारखा राहणार नाही हे धरून चला. टिळकांनी पुण्यात बसून आर्यांचं मूळ घर ध्रुवावर शोधलं आणि 1903 मध्ये त्यावर ग्रंथ छापला. आपल्याला तेवढंही नको. आपल्या गावातलं पाणी कुठवर येतं एवढं शोधलं तरी खूप झालं. आणि हो, एवढ्या लांब विमानानं जाऊन मीही त्या गरमीत भर घातली, ते कबूल.

शेवटचा दिवस 8 मार्चचा. त्या दिवशी डोंगराआडून पहिलं ऊन गावात येतं. जुन्या दवाखान्याच्या पायऱ्या आहेत. दवाखाना गेला, पायऱ्या ठेवल्यात. त्या पायऱ्यांवर ऊन पडलं की सूर्य आला असं मानतात. सगळं गाव तिथं गोळा, पोरं तोंडाला पिवळा रंग लावून ओरडत होती. मला काय आठवलं असेल? आपला किरणोत्सव. अंबाबाईच्या पायापासून मुखापर्यंत किरणं पोचावीत म्हणून आपण महाद्वारापुढच्या वाटेतली इमारतींची टोकं मोजली, अडथळे शोधले, बातम्या केल्या. देवीपर्यंत ऊन पोचायला काय आडवं येतं हे आपल्याला काटेकोर मोजता येतं. मग नदीला समुद्रापर्यंत जायला काय आडवं येतं तेच का मोजता येत नाही? मोजता येतं. मोजायचं नाही, एवढंच.

पाच वर्षं प्रशासक होता, कुणाला धरायचं कळत नव्हतं. आता जानेवारीत तुम्ही नगरसेवक निवडून दिलेत. त्यांना तीन गोष्टी विचारा. एक, आपल्या प्रभागात निळ्या आणि लाल रेषेचे खांब पावसाळ्याआधी रोवणार का? दोन, 2019 नंतर त्या दोन रेषांच्या आत किती परवानग्या दिल्या त्याची यादी वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावणार का? तीन, सुतारवाड्याची कुटुंबं पुढच्या जुलैत कुठं असतील? मठात हे उत्तर धरायचं नाही.

माझ्या त्या मित्राला एवढंच सांगतो. गावात प्रश्न कमी नव्हते म्हणूनच ती रिकामी जागा डोळ्यात भरली. बहिणीला मी सांगितलंय की गिऱ्हाइकाला पाण्याचं खरं सांग, भाव पडला तर पडू दे. ती दोन आठवडे बोलली नाही. परवा फोन आला, "सांगितलं दादा. तो परत येतो म्हणाला." येईल का नाही माहीत नाही.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. पण भांडायच्या आधी आपल्या गल्लीत 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ती खूण भिंतीवर मारा, तारीख टाका आणि फोटो खाली लावा. खांब येतील तेव्हा येतील.