चोरलेला बेस आणि ८६ वर्षांची वाट

आपल्याकडे दिवाळीच्या फराळाची चाहूल लागते, तेव्हा अमेरिकेत बेसबॉलचा ‘पोस्टसीझन’ रंगात आलेला असतो. मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. तीस संघांतले बारा पुढे जातात आणि मग बाद फेरीच्या मालिका सुरू होतात. शेवटच्या दोन फेऱ्या सात सामन्यांच्या. जो आधी चार जिंकेल तो पुढे. सहा महिन्यांची मेहनत आठवड्याभरात पाण्यात जाऊ शकते, म्हणूनच यंदा कोणाची गाठ कोणाशी, यावर तिथे घरोघरी वाद झडतात. गंमत अशी की दहा मिनिटांत हे वाद यंदाचे राहतच नाहीत. कोणीतरी एखादी जुनी मालिका काढतो आणि मंडळी तिथेच रमतात.

तुमचं कोणी बोस्टनला असेल तर त्यांना २००४ बद्दल नक्की विचारा.

बोस्टन रेड सॉक्सने शेवटचं विजेतेपद १९१८ मध्ये मिळवलं होतं. १९१९ सरताना त्यांनी बेब रूथ हा आपला हिरा न्यूयॉर्क यांकीजला विकला. तोवर यांकीजच्या नावावर एकही विजेतेपद नव्हतं. २००४ पर्यंत त्यांची २६ झाली. बोस्टनची पाटी कोरीच. १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६ मध्ये ते अंतिम मालिकेत पोहोचले आणि चारही वेळा सातव्या, म्हणजे निर्णायक सामन्यात हरले. लोक याला रूथचा शाप म्हणू लागले. २००३ मध्ये याच यांकीजने त्यांना उपांत्य मालिकेच्या सातव्या सामन्यात, तेही जादा डावात घरी पाठवलं.

वर्षभराने पुन्हा तीच गाठ पडली. पहिले तीन सामने यांकीजने जिंकले, तिसरा तर १९-८ असा. तीन-शून्यने मागे पडलेल्या संघाने सात सामन्यांची मालिका जिंकल्याचं मेजर लीग बेसबॉलच्या इतिहासात एकही उदाहरण नव्हतं. १७ ऑक्टोबरच्या चौथ्या सामन्यात, नवव्या म्हणजे शेवटच्या डावात बोस्टन ३-४ ने मागे होतं. समोर पिचर होता मारियानो रिव्हेरा. पुढे हाच रिव्हेरा एकमताने ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवडला गेलेला पहिला खेळाडू ठरला. म्हणजे आशा नावालाच होती.

केव्हिन मिलारला चार वाईट चेंडूंमुळे पहिला बेस फुकट मिळाला. त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स उतरला. आपल्याकडे क्रिकेटमध्ये चोरटी धाव असते; बेसबॉलमध्ये अख्खा बेस चोरतात. पिचर फलंदाजाकडे चेंडू टाकायला लागला की धावायचं आणि चेंडू पोहोचायच्या आत पुढचा बेस गाठायचा. रॉबर्ट्स पळणार हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रिव्हेराने त्याला बाद करण्यासाठी लागोपाठ तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. मग फलंदाजाला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. सूर मारून, थोडक्यात वाचून त्याने दुसरा बेस गाठला. बिल म्युलरच्या फटक्यावर तो घरी आला आणि बरोबरी झाली. बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारून सामना जिंकला. तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. त्याच तारखेला रात्री अकराच्या सुमारास बोस्टनने पाचवा सामनाही जिंकला, चौदाव्या डावात. सहाव्या सामन्यात कर्ट शिलिंग घोट्याला टाके घालून खेळला, मोजा रक्ताने माखला. सातवा सामना यांकीजच्या मैदानावर झाला, १०-३. पुढे अंतिम मालिकेत सेंट लुईसला सरळ चार सामन्यांत हरवून २७ ऑक्टोबरला ८६ वर्षांची वाट संपली.

मला या गोष्टीतलं सगळ्यात मोठं वाटतं ते त्यानंतरचं. बोस्टनच्या आसपास लोक दफनभूमीत गेले. आईवडिलांच्या, आजोबांच्या थडग्यांवर रेड सॉक्सच्या टोप्या, छोटे झेंडे आणि विजयाची बातमी छापलेली वर्तमानपत्रं ठेवून आले. १९१८ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा २००४ मध्ये ९६ वर्षांचा झाला असता. मधल्या कितीतरी माणसांनी जन्मभर हरणाऱ्या संघावर जीव लावला आणि तो जीव पोरांच्या हवाली करून ती गेली. संघ आपण निवडतो असं आपल्याला वाटतं; पुष्कळदा तो घरातल्या भांड्यांसारखा वारशाने आलेला असतो.

आपल्या इंदूरकरांना हे समजावून सांगायला नको. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकल्याच्या गोष्टी तिथल्या घरांतून पुढच्या पिढ्यांकडे आल्या. मध्य प्रदेशचा संघ झाल्यावर मात्र करंडक हुलकावणी देत राहिला. १९९९ मध्ये चंद्रकांत पंडित कर्णधार असताना बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर अंतिम सामना हातचा गेला. २०२२ मध्ये त्याच मैदानावर, तेच पंडित प्रशिक्षक असताना, मुंबईला हरवून मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. मधली तेवीस वर्षं ज्यांनी धीर सोडला नाही, तो विजय त्यांचाही होता.

रॉबर्ट्सचं पुढे काय झालं? त्या संपूर्ण मालिकेत तो एकदाही फलंदाजीला आला नाही. अंतिम मालिकेत तर खेळलाच नाही आणि डिसेंबरमध्ये बोस्टनने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. आता तो लॉस एंजेलिस डॉजर्सचा मॅनेजर आहे. २०२४ ची अंतिम मालिका त्याच्या संघाने जिंकली, तीही यांकीजविरुद्धच. तरी बोस्टनमध्ये त्याची ओळख त्या एका धावेचीच.

या दिवाळीत घरातल्या मोठ्यांना एक प्रश्न विचारा: तुमच्या संघाचा कोणता पराभव तुम्ही अजून विसरला नाहीत? विजयाबद्दल नको, पराभवाबद्दलच विचारा. आणि उत्तर ऐकायला जरा निवांत बसा, कारण ते लांबणार आहे.